लस नाकारणारे पालक आणि शिकवणारी यंत्रणा

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीतील रफीनगरमध्ये एकाच घरातील तीन लहान मुले दोन दिवसांच्या आत दगावली आणि ज्या आजाराला आपण घरगुती समजत आलो, त्या गोवराने मुंबई महापालिकेची झोप उडवली. पुढच्या काही आठवड्यांत भिवंडी, मालेगाव येथूनही रुग्णांच्या बातम्या येऊ लागल्या. केंद्राचे पथक आले, राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले, कस्तुरबा रुग्णालयातील खाटा मुलांनी भरल्या. याच काळात वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून एक कारण इतक्या वेळा सांगितले गेले की ते जणू सिद्धच झाले. ते कारण असे की या वस्त्यांतील पालक मुलांना लस देऊ देत नाहीत, त्यांच्यात अज्ञान आहे, अफवा आहेत, आणि त्यांचे प्रबोधन केले पाहिजे.

हे कारण खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते यंत्रणेला फार सोयीचे पडते. पालकाचा नकार हा पालकाच्या डोक्यातील बिघाड मानला की उपाय म्हणून पोस्टर, ध्वनिक्षेपक आणि ‘जनजागृती’ एवढेच उरते. करोनाच्या महामारीत जागतिक संस्थांनी आणि सरकारांनी आरोग्यकर्मचाऱ्यांना अभूतपूर्व प्रमाणात प्रशिक्षण दिले, तेही बव्हंशी याच समजुतीवर उभे होते. त्या प्रशिक्षणाने विषाणू शिकवला, मास्क आणि पीपीई किट शिकवले, नंतर करोनाच्या लसीची साठवण आणि नोंदणी शिकवली. दारात उभ्या राहिलेल्या साशंक आईशी किंवा बापाशी काय आणि कसे बोलायचे हे मात्र त्याने जवळजवळ शिकवले नाही, आणि बोलण्यासाठी लागणारा वेळ व अधिकार तर अजिबात दिला नाही. गोवराच्या २०२२ च्या उद्रेकाकडे मी याच उणिवेची किंमत म्हणून पाहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१५ च्या सुमारास लस-संकोचाची जी व्याख्या रूढ केली, तिच्यात एक अट आहे: लसीकरणाची सेवा उपलब्ध असूनही लस घेण्यास विलंब करणे किंवा ती नाकारणे. संघटनेने २०१९ मध्ये जागतिक आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत या संकोचाला स्थान दिले तेव्हा बातम्यांतून ‘संकोच’ तेवढा पुढे गेला, आणि अट मागेच राहिली. त्याच तज्ज्ञ गटाने संकोचाची तीन कारणे सांगितली होती: लसीवर आणि ती देणाऱ्यांवर विश्वास नसणे, आजाराची भीती उरलेली नसणे, आणि लस घेणे सोयीचे नसणे. पहिल्या दोन कारणांवर परिसंवाद होतात. तिसरे कारण सुटीच्या दिवशी बंद असलेल्या दवाखान्याचे, बुडणाऱ्या रोजगाराचे आणि हरवलेल्या कार्डाचे असते. त्यावर परिसंवाद होत नाहीत.

सेवा उपलब्ध आहे असे आपण कशाला म्हणतो, हे एखाद्या लसीकरण सत्रात तासभर बसले तरी कळते. अंगणवाडीच्या एका खोलीत एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लसीची थंड पेटी, घेऊन आलेली असते. आत आइसपॅकच्या मधोमध कुप्या असतात, आणि आशाताईच्या हातात त्या दिवशीच्या मुलांची यादी, म्हणजे ड्यू लिस्ट असते. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. ती द्रावकात मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकून द्यावी लागते, आणि एका कुपीत पाच किंवा दहा मात्रा असतात. एका मुलासाठीही कुपी उघडावी असा नियम आहे. पण वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब वर द्यावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन एकटीच आलेल्या आईला “अजून तीन-चार जणी आल्या की उघडू” किंवा “पुढच्या बुधवारी या” असे सांगितले जाते. ती जरीच्या कामावर परत जाते. पुढच्या बुधवारी तिला जमत नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी ती गावी असते. सहा महिन्यांनी सर्वेक्षणात हे बाळ ‘लस न घेतलेले’ म्हणून सापडते आणि रजिस्टरात कारणापुढे नकार लिहिला जातो, कारण नकार लिहिणे सर्वांत सोपे असते. त्या नोंदीवरून पुढे कुठल्या तरी कार्यालयात अमुक समाज लसीला विरोध करतो असा निष्कर्ष निघतो.

महामारीत हा सारा व्यवहारच थांबला होता. २०२० च्या उन्हाळ्यात प्रतिबंधित क्षेत्रांतील नियमित लसीकरणाची सत्रे बंद पडली. मुंबईत अशी क्षेत्रे सर्वाधिक दाट वस्तीच्या भागांत होती, आणि गोवंडी ज्यात येते तो एम-पूर्व प्रभाग त्यांपैकीच एक. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा प्रभाग शहरात तळाला होता. देवनारच्या कचराभूमीला लागून असलेल्या या वस्तीतील हजारो मजूर टाळेबंदीत उत्तर प्रदेश-बिहारला परतले आणि वर्षभराने पुन्हा आले. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांपैकी कोणाला कोणती लस मिळाली याचा पत्ता ना गावच्या उपकेंद्राला होता, ना मुंबईच्या आरोग्य केंद्राला. दरम्यान आरोग्यसेविका रुग्णशोध, विलगीकरण आणि ऑक्सिमीटर यांत गुंतल्या होत्या. गोवराच्या विषाणूला याहून चांगली संधी मिळणे कठीण होते. संरक्षण नसलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो, आणि साखळी तोडायची तर शंभरातील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात.

देशाची आकडेवारी या बाबतीत बोलकी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीची एकही मात्रा न मिळालेली मुले भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली, २०२१ मध्येही २७ लाखांच्या आसपास राहिली, आणि २०२२ मध्ये मात्र एकदम ११ लाखांवर आली. पालकांची मने विटली म्हणून हे सारे घडले असते, तर एका वर्षात सोळा लाखांनी सुधारणा होणे शक्यच नव्हते. सत्रे सुरू झाली, कर्मचारी आपल्या मूळ कामावर परतले, आणि बहुतेक आईबाप मुलांना घेऊन आले. युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात तर असे दिसले की मुलांच्या लसी महत्त्वाच्या आहेत असे मानणाऱ्यांचे प्रमाण महामारीच्या काळात ५५ पैकी ५२ देशांत घसरले, आणि जिथे ते टिकले किंवा वाढले त्या तीन देशांत चीन आणि मेक्सिको यांच्याबरोबर भारत होता. जगभरात विश्वास डळमळत असताना आपल्याकडच्या पालकांनी तो टिकवला. त्यांना सरसकट अडाणी ठरवण्यापूर्वी निदान एवढे तरी आठवावे.

तरीही उरलेल्या मुलांचा प्रश्न खराच आहे, आणि त्यांतील काहींच्या घरी नकारही खराच आहे. लसीने मूल पुढे नपुंसक होते ही अफवा पोलिओच्या काळापासून फिरते आहे. गोवर-रुबेला मोहिमेत ती पुन्हा आली, करोनाच्या लसीबरोबर तिसऱ्यांदा आली. नागरिकत्व कायद्याच्या वादानंतर घरोघर नावे लिहून घेणाऱ्या कोणाकडेही काही वस्त्यांत संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि पहिल्या टाळेबंदीतील करोना सर्वेक्षण नेमके त्याच सुमारास झाले. शिवाय करोनाच्या लसीची सक्ती जी प्रौढांवर झाली, तिचा परिणाम मुलांच्या लसीवर झाला नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. औरंगाबादेत नोव्हेंबर २०२१ मध्ये लसीची किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला. मुंबईत दोन मात्रांशिवाय लोकलचा प्रवास नव्हता. आकडे वाढले हे खरे. पण सरकार ज्या गोष्टीसाठी रेशन अडवते ती आपल्या भल्याची नसणार, असे अनुमान गरीब माणूस अनुभवाने काढतो. ते या बाबतीत चुकीचे होते, पण निराधार नव्हते.

अशा पालकासमोर उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्याला आपण काय शिकवले, हा खरा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ‘ओपन डब्ल्यूएचओ’ या ऑनलाइन व्यासपीठावर करोनाविषयीचा पहिला अभ्यासक्रम २६ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर होण्याच्या चार दिवस आधी, सुरू केला. पुढे तो अनेक भाषांत गेला आणि लाखो लोकांनी घेतला. भारत सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘आयगॉट-दीक्षा’ सुरू करून डॉक्टरांपासून स्वयंसेवकांपर्यंत सर्वांना घरबसल्या शिकण्याची सोय केली. प्रवास बंद, सभागृहे बंद, आजार नवा आणि रोज बदलणारी माहिती, अशा वेळी हे काम ज्या वेगाने झाले त्याचे कौतुकच केले पाहिजे. संघटनेच्या जिनिव्हातील मुख्यालयात तयार झालेली माहिती काही दिवसांत गडचिरोलीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मोबाइलवर पोहोचणे ही आरोग्याच्या इतिहासात नवी गोष्ट होती.

पण हे शिक्षण वरून खाली वाहणारे होते, आणि त्याचे माप प्रमाणपत्रांच्या संख्येने घेतले गेले. चित्रफीत पाहा, शेवटी बहुपर्यायी प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, एवढ्यात प्रशिक्षण संपते. ज्या आशाताईचा फोन घरातील मुलगा ऑनलाइन शाळेसाठी वापरत होता, तिने ते रात्री अकरा वाजता संपवले, किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणी. पालकांच्या शंकांसाठी या साहित्यात बहुधा दोन रकान्यांचा तक्ता असे, डावीकडे गैरसमज आणि उजवीकडे तथ्य. हा तक्ता तयार करणाऱ्याला वाटते की गैरसमज खोडला की काम झाले. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सतराशेहून अधिक पालकांना लसीविषयीचे निरनिराळे संदेश दाखवण्यात आले. गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येत नाही हे पुराव्यानिशी सांगितल्यावर तो गैरसमज कमी झालाही. पण जे पालक मुळातच लसीविषयी नाखूश होते, त्यांची पुढच्या मुलाला लस देण्याची तयारी मात्र आणखी घटली. एका प्रयोगावर सारा इमला रचू नये हे मान्य. तरी आपल्या अनुभवाशी ते जुळते. चार माणसांत खोटा पाडला गेलेला माणूस पटल्याचे सांगत नाही, तो नवे कारण शोधतो.

शिवाय आईची शंका बहुतेक वेळा त्या तक्त्यात नसतेच. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच आजारांवरील एकत्रित लसीची, सुई दिल्यावर त्या रात्री ताप येतो, मांडी सुजते, बाळ रडते. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपलेली असतात, सासू म्हणते की चांगल्या लेकराला उगाच दुखणे लावून आणलेस, आणि सकाळी नवऱ्याला नाक्यावर उभे राहायचे असते. पुढच्या सुईला ही आई आली नाही तर ती लसविरोधी नाही, तिला त्या रात्रीचे उत्तर कोणी दिलेले नाही. नियमानुसार प्रत्येक लसीनंतर एएनएमने चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुन्हा कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचे. हे चार संदेश भिंतीवर छापलेले असतात. तीस-चाळीस मुलांच्या सत्रात, दिलेल्या लसींच्या नोंदीची टॅली शीट भरता भरता, ते प्रत्येकीला समजेल असे सांगायला किती मिनिटे मिळतात याचा हिशेब कोणत्याही प्रशिक्षण-आराखड्यात मी पाहिलेला नाही.

संवादाचे शिक्षण देता येत नाही असे नाही. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात अर्नो गान्यूर या बालरोगतज्ज्ञांच्या गटाने प्रसूतिगृहातच बाळंतिणीशी लसीविषयी शांतपणे, तिच्या प्रश्नांपासून सुरुवात करून बोलण्याची पद्धत बसवली. तिचा लसीकरणाच्या इराद्यावर चांगला परिणाम दिसला आणि पुढे प्रांताने ती सर्वत्र स्वीकारली. आपल्याकडेही आरोग्य मंत्रालय आणि युनिसेफ यांनी ‘ब्रिज’ या नावाने आशा, अंगणवाडी सेविका आणि एएनएम यांच्यासाठी संवादकौशल्याचे प्रशिक्षण महामारीपूर्वीच आखले होते. म्हणजे ज्ञान होते आणि साहित्यही होते. महामारी आली तेव्हा मात्र संवादाला दुय्यम ठरवून आपण तांत्रिक माहितीच्या मागे लागलो, जणू माणसे माहितीच्या अभावानेच घाबरतात.

यावर आक्षेप असा येईल की आणीबाणीत आधी जीव वाचवायचे असतात, बोलणे नंतर. आक्षेप रास्त वाटतो, पण यवतमाळची घटना वेगळे सांगते. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ रविवारी घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले, ती सुखरूप राहिली, संबंधितांवर कारवाई झाली आणि प्रकरण मिटले. पोलिओच्या कुपीवर उष्णता ओळखणारा एक चौकोन असतो. कुपी उघडण्यापूर्वी तो चौकोन पाहायचा हा लस देणाऱ्याचा पहिला धडा आहे, आणि तो अंगवळणी पडलेल्या माणसाच्या हातून सॅनिटायझरची बाटली पुढे जाणे कठीण आहे. वर्षभर हात धुण्याचे आणि सॅनिटायझरचे प्रशिक्षण झालेल्या राज्यात नेमके हे घडावे यातला विरोधाभास सोडून द्या. त्या गावातील एखाद्या आईने पुढच्या पोलिओ रविवारी दार लावून घेतले, तर तिच्या नावापुढे आपण ‘संकोच’ लिहिणार का?

सामोआने याच चुकीची भयंकर किंमत दिली. प्रशांत महासागरातील दोन लाख वस्तीच्या या देशात जुलै २०१८ मध्ये दोन बाळे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या (एमएमआर) लसीनंतर लगेच दगावली. लसीत दोष नव्हता. परिचारिकांनी भुकटीत द्रावकाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले होते. सरकारने ही लस महिनोन्महिने थांबवली, लोकांचा विश्वास उडाला, लस घेणाऱ्या बाळांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास घसरले, आणि २०१९ च्या अखेरीस आलेल्या गोवराच्या साथीने ८३ बळी घेतले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. शेवटी आणीबाणी जाहीर झाली, लस सक्तीची झाली, ज्या घरात लस न घेतलेले कोणी आहे त्या घराबाहेर लाल कापड लावायला सांगण्यात आले आणि परदेशी वैद्यकीय पथके धावून आली. सामोआतील पालकांच्या नकाराची सुरुवात परिचारिकांच्या हातातील चुकीच्या कुपीपासून झाली होती. प्रशिक्षण आणि संकोच हे दोन वेगळे विषय नाहीत असे मी म्हणतो ते यासाठी.

आणि हे काम नीट करता येते याचा दाखला भारतातच आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओचे थेंब नाकारले जात तेव्हा मोहिमेने घरांच्या दारांवर खुणा केल्या: सर्व मुलांना थेंब मिळाले तर ‘पी’, कोणी राहिले तर ‘एक्स’. पण ‘एक्स’ म्हणजे सरसकट नकार धरला नाही. कुलूप असलेले घर वेगळे, मूल बाहेरगावी गेलेले घर वेगळे, मूल आजारी असलेले घर वेगळे आणि खरोखर नकार दिलेले घर वेगळे, अशी नोंद ठेवली. नकार देणाऱ्या घरांत कोण जाणार हे तेथल्याच वस्तीतील बायकांमधून ठरले. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द यांची मदत घेतली गेली. मुख्य म्हणजे लोक जे म्हणत होते ते ऐकले गेले. लोक म्हणत होते की तुम्ही महिन्या-महिन्याला थेंब घेऊन येता, पण नळाला पाणी नाही, मूल हगवणीने मरते तेव्हा कोणी फिरकत नाही. २००९ मध्ये उत्तर प्रदेश-बिहारचे १०७ विकासगट (ब्लॉक) निवडून तेथे पोलिओबरोबर स्वच्छ पाणी, शौचालय, अतिसारावर झिंक आणि नियमित लसीकरण यांवर काम सुरू झाले ते या अनुभवानंतर. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या मोहिमेतही जागतिक आरोग्य संघटनेने उभे केलेले आणि शिकवलेले वैद्यकीय अधिकारी होतेच. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. तेव्हाचे प्रशिक्षण दारापर्यंत जाऊन तेथे शिकून परत येत होते, महामारीतले पडद्यावरच थांबले.

संमतीचा मुद्दाही येथेच येतो, आणि त्याविषयी आरोग्य खात्यात फार घाई असते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळा-शाळांतून गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम सुरू झाली. तेव्हा विरोध फक्त गरीब वस्त्यांतून झाला असे नाही. “आमच्या डॉक्टरांनी एमएमआर आधीच दिली आहे, मग पुन्हा कशाला?” हा प्रश्न इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील पालकांचा होता. प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तरही सोपे होते. पण बहुतेक ठिकाणी उत्तराऐवजी परिपत्रक मिळाले. दिल्लीत तर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने पालकांच्या स्पष्ट संमतीवाचून शाळेत लस देता येणार नाही असे बजावले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करोना लसीच्या प्रकरणात कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही असे सांगतानाच, मुलांना लस देण्याचे धोरण योग्य ठरवले आणि मुलांवरील चाचण्यांचे निष्कर्ष लवकरात लवकर जाहीर करण्याचा आदेश सरकारला दिला. या निकालाचा लसविरोधकांनी आणि लससमर्थकांनी आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. तो एकत्र वाचला तर सांगतो एवढेच की राज्याने लस द्यावी आणि विचारणाऱ्याला माहिती द्यावी. दुसरे कर्तव्य पार पाडणाऱ्याला पहिले सोपे जाते.

सुशिक्षित, सुस्थित घरांतील नकार मात्र वेगळा आहे, आणि त्याच्याशी मी इतक्या सहानुभूतीने वागणार नाही. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत, तसेच परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गप्पांत ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’ची जी भाषा ऐकू येते, तिला ना रोजगार बुडण्याची सबब आहे ना दवाखाना दूर असण्याची. आजूबाजूची मुले लस घेतात म्हणून आपले मूल सुरक्षित राहते, हे या पालकांना ठाऊक नसते किंवा ठाऊक असून ते बोलत नाहीत. त्यांच्याशी बोलण्याचे काम आशाताईचे नाही. ते त्यांच्या खासगी बालरोगतज्ज्ञाचे आहे, आणि त्याने ‘तुमची मर्जी’ म्हणून हात झटकू नयेत.

आशाताईविषयी बोलायचे तर पैशांविषयीही बोलावे लागेल. महामारीच्या काळात बाळाचे पहिल्या वर्षापर्यंतचे लसीकरण पूर्ण झाले की तिला १०० रुपये आणि दुसऱ्या वर्षापर्यंतचे पूर्ण झाले की ७५ रुपये असा मोबदला होता. मूल पूर्ण झाले तर पैसे. पाच वेळा एकाच घरी जाऊन, सासूचे ऐकून घेऊन, नवऱ्याची वाट पाहत उंबऱ्यावर बसून शेवटी तो नाही म्हणाला, तर काही नाही. ही रचनाच तिला सांगते की जे घर अवघड आहे ते सोडून दे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांकडे करोनाच्या घाईत आलेली अडचण म्हणून पाहिले गेले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला, आणि आपण सर्वांनी अभिमानाने त्या बातम्या पुढे पाठवल्या. जिला जगाने गौरवले तिला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या समितीवर मात्र ती कधी बसत नाही. कोणत्या गल्लीत कोण का नाही म्हणते, कोणत्या मौलवींचा शब्द चालतो, कोणत्या घरी आधी आजीशी बोलावे लागते, हे ज्ञान तिच्याकडे आहे आणि ते कोणत्याही जागतिक संकेतस्थळावर नाही.

गोवंडीच्या उद्रेकात शेवटी यंत्रणेला हेच करावे लागले. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा मात्रा देण्याचे ठरले. जिथे नऊ महिन्यांखालील बाळांतही आजार दिसत होता तिथे सहा महिन्यांपासूनच्या बाळांना एक आगाऊ मात्रा देण्याचे ठरले, आणि धर्मगुरू, स्थानिक डॉक्टर, वस्तीतील कार्यकर्ते यांना विनवण्या सुरू झाल्या. जे संबंध शांततेच्या काळात बांधायचे ते मुले दगावल्यावर बांधायला घेतले, म्हणून त्यांत घाई होती, कॅमेरे होते, आणि लोकांच्या मनात रास्त प्रश्न होता की दोन वर्षे तुम्ही कुठे होता.

केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये गोवर-रुबेला निर्मूलनाची नवी मोहीम जाहीर केली आणि २०२६ हे लक्ष्य ठेवले. सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये पहिल्या मात्रेचे प्रमाण ९३.७ टक्के आणि दुसऱ्या मात्रेचे ९२.२ टक्के होते. पंचाण्णवपर्यंत पोहोचायला राहिलेली मुले देशभर सारखी विखुरलेली नाहीत, ती रफीनगरसारख्या वस्त्यांत, ऊसतोडणीच्या कोप्यांवर आणि वीटभट्ट्यांवर एकवटलेली आहेत. त्यांच्यासाठी आणखी एक ऑनलाइन अभ्यासक्रम काढण्याऐवजी तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. रजिस्टरातील ‘नकार’ या एका शब्दाच्या जागी पोलिओ मोहिमेसारखी कारणांची नोंद सक्तीची करावी. प्रशिक्षणाचे मूल्यमापन प्रमाणपत्रांवरून न करता, पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या मात्रेला किती मुले परत आली यावरून करावे. आणि अवघड घरी दिलेल्या प्रत्येक भेटीचा मोबदला मिळावा, मग त्या भेटीत लस दिली जावो वा न जावो. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. पहिली दोन कामे तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या पातळीवर पुढच्या बुधवारच्या सत्रापासूनही सुरू होऊ शकतात.